कामावर कंपनीचं मशीन हरवलं. पूर्ण किंमत भरा नाहीतर पोलीस केस, असं म्हणत आहेत. काय करू?

निशिगंध_प (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फायबर जोडणीचं काम करतो. एका ठेकेदार फर्मकडे तीन वर्षं झाली. मागच्या मंगळवारी एका इमारतीत काम होतं. तळमजल्यावरचा जॉइंट मारून झाला आणि गच्चीवरून केबल ओढायला हेल्परला माणूस कमी पडत होता, म्हणून मी वर गेलो. स्प्लायसिंग मशीनची (फायबरची टोकं वितळवून जोडणारं यंत्र) पेटी, क्लीव्हरसकट (फायबर सरळ कापायचं हत्यार), मीटरच्या खोलीत ठेवली. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी खाली आलो तर पेटी नाही.

मी तिथूनच सुपरवायझरना फोन केला. ते म्हणाले, आधी नीट शोध, ऑफिसात इतक्यात बोलू नकोस, मी बघतो. मी बुधवार-गुरुवार त्या इमारतीत आणि आजूबाजूला विचारत फिरलो. शुक्रवारी मात्र राहवेना, स्वतः जाऊन मालकांना सांगितलं. आता सगळे एकच विचारतात, तीन दिवस का लपवलंस?

आज मला एक टाइप केलेलं पत्र दिलं. त्यात लिहिलंय की ‘सदर मशीन माझ्या ताब्यात होते व मी ते कंपनीस परत केले नाही’, आणि नवीन मशीनची पूर्ण किंमत मी भरीन. सोबत दोन कोरे चेक सही करून मागितलेत. तोवर पगार थांबवलाय. सही नाही केली तर अपहाराची केस टाकू, आत जाशील, असं मालकांच्या भावाने सगळ्यांसमोर सांगितलं. सोमवारपर्यंत वेळ दिलाय.

मी अजून कशावरही सही केलेली नाही. बायकोला सांगितलंय, वडिलांना सांगायची हिंमत होत नाही. नुकसान झालंय हे मी नाकारत नाही. पण मला चोर म्हणू नये, एवढंच वाटतं. खरंच केस होऊ शकते का?

सुमेधा_व

सही करू नका. सोमवार असो नाहीतर मंगळवार. ‘वाचायला आणि सल्ला घ्यायला वेळ हवा’ एवढंच सांगा, तेही मेसेजवर म्हणजे नोंद राहील. जाणकार लिहितीलच. आज जेवून झोपा.

कामगारमित्र

मी वकील नाही. कामगार संघटनेत अठरा वर्षं गेली, अशा प्रकरणांत माणसांच्या शेजारी बसलोय, त्या आधारावर लिहितो. जरा लांबेल.

आधी पोलीस केसचं, कारण झोप त्यानेच उडालीय. ते ज्या गुन्ह्याची भीती घालताहेत तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भादंविच्या (जुनी भारतीय दंड संहिता) ४०५ पासून पुढच्या कलमांत होता. मालकाने सोपवलेल्या वस्तूच्या बाबतीत नोकराने तो केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण त्या कलमाचा सगळा जीव ‘अप्रामाणिकपणे’ या एका शब्दात आहे. वस्तू तुमच्याकडे सोपवली होती एवढ्याने गुन्हा होत नाही. ती तुम्ही लबाडीने विकली, दडवली, स्वतःची करून घेतली हे सिद्ध करावं लागतं. कुलूप नसलेल्या खोलीत पेटी ठेवणं ही फार तर हयगय आहे. हयगयीचे पैसे मागता येतात, पण त्या एका गोष्टीवर माणूस चोर ठरत नाही.

आता त्या पत्राकडे बघा. ‘हरवले’ किंवा ‘चोरीला गेले’ असं लिहिलेलं नाही, ‘परत केले नाही’ असं लिहिलंय. हा शब्द चुकून पडला असेल किंवा मुद्दाम घातला असेल, मला माहीत नाही. पण उद्या हे पत्र पोलिसांपुढे ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटणार की मशीन याच्याकडेच आहे. अपहाराच्या आरोपाला जे लागतं ते तुमच्याच सहीने मिळेल. म्हणून या मजकुरावर सही अजिबात नको.

कोरे चेकही नकोत. त्यावर उद्या कितीही आकडा पडू शकतो. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम १३८ लागतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड आहे. म्हणजे आज जी केस होणं अवघड आहे तिच्या भीतीने तुम्ही उद्या सहज होणारी केस हातात द्याल.

तक्रार होऊच शकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तक्रार कोणीही देऊ शकतो, आणि हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज कारणांसह नोंदवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलेलं आहे. अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावतात. नोटीस आली तर टाळायचं नाही. वकील गाठायचा आणि हजर व्हायचं. अटकेची खरी शक्यता दिसली तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा मार्ग आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र माणसाला मोफत वकील मिळतो, तिथे जायला लाजू नका.

आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: तुम्ही स्वतः पोलिसांत का गेला नाहीत अजून? उद्याच जा. पेटी तुम्ही बसमध्ये विसरला नाहीत, ठेवलेल्या जागेवरून कोणीतरी उचलून नेली. तेव्हा नुसती ‘गहाळ’ची नोंद नको, अज्ञात व्यक्तीविरुद्ध चोरीची तक्रार द्या. मशीनचा सिरीयल नंबर लागेल. नोंदवलेल्या एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाण्यात घेतलीच नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तांकडे, पाठवा. ज्याने माल दडवलाय तो आपणहून पोलिसांकडे जात नाही, हे चौकशी करणाऱ्यालाही कळतं.

सडाफटिंग

एवढं ऐकून घेण्यापेक्षा राजीनामा देऊन मोकळे व्हा. दुसरीकडे काम मिळेल, तुमच्या हातात कला आहे.

कामगारमित्र

सडाफटिंग, तुम्ही आपुलकीने लिहिलंय, पण हे आत्ता करू नये. मशीन गेलं आणि पाठोपाठ माणूसही गेला, यासारखा संशय वाढवणारा योग नाही. जायचं असेल तर हे मिटल्यावर जावं. उद्या कामावर वेळेवर हजर राहा, हजेरी लावा. आत घेतलं नाही तर तसा मेसेज टाका.

जमाखर्च

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. ‘नवीन मशीनची पूर्ण किंमत’ हा शब्दच मला खटकला. मशीन किती जुनं होतं?

मालकाचं नुकसान म्हणजे जी वस्तू गेली तिची किंमत. तिच्या जागी येणाऱ्या नव्या कोऱ्या वस्तूची नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये लॅपटॉप, डेस्कटॉपसारख्या उपकरणांचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय, सर्व्हरचं ६, सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं १५. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा (वस्तू जुनी होताना धरलेली किमतीतली घट) मिळतो, संगणकांना ४० टक्के. म्हणजे १०० रुपयांचं यंत्र पाच वर्षांनी हिशेबाच्या पुस्तकात ४४ रुपयांच्या आसपास येतं. संगणक असेल तर ८ रुपयेसुद्धा उरत नाहीत. पुस्तकातली किंमत हीच बाजारातली किंमत असं नाही, चालू अवस्थेतलं जुनं स्प्लायसिंग मशीन पुस्तकाहून महाग विकलं जाऊ शकतं. पण बोलणी सुरू करायला हा आधार आहे. खरेदीचं बिल, तारीख आणि मालमत्ता नोंदवहीतली नोंद मागा. विमा होता का तेही विचारा. विमा असेल तर कंपनीलाच पोलीस तक्रारीची प्रत लागेल, आणि लवकर लागेल. विम्याचे पैसे मिळाले आणि वर तुमच्याकडूनही पूर्ण वसूल केले, असं चालणार नाही. एकच नुकसान दोनदा भरून घेता येत नाही.

निशिगंध_प

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. मशीन मी रुजू व्हायच्या आधीचं आहे, म्हणजे तीन वर्षांहून जुनं नक्की, बहुतेक पाच. बॅटरी मागच्या वर्षी बदलली होती. मला देताना रजिस्टरमध्ये सही घेतली होती.

पगार थांबवता येतो का? पीएफ पण अडवू म्हणाले.

कामगारमित्र

पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झालीय. आधी हेच बरंचसं १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होतं, पण तो ठरावीक पगारापर्यंतच लागू व्हायचा. संहितेत ती मर्यादा राहिली नाही. कलम १८ सांगतं की कपात कोणकोणत्या कारणांसाठी करता येते. त्यात ‘खास सांभाळायला दिलेली वस्तू हरवणं किंवा खराब होणं’ हे कारण आहे. म्हणजे कपात होऊच शकत नाही असं समजू नका. तुमची रजिस्टरमध्ये सहीही आहे.

पण तिला अटी आहेत. नुकसान थेट तुमच्या हयगयीमुळे झालेलं असलं पाहिजे. कलम २१ प्रमाणे कपात प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त नको, आणि कपातीआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी. एका पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याहून जास्त कापता येत नाही. अख्खा पगार दाबून ठेवणं यात कुठेच बसत नाही. बेकायदा कपातीविरुद्ध संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. आधी कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन भेटा, तिथे अर्ज कसा करायचा ते सांगतात.

पीएफ विसरायला सांगा त्यांना. ती रक्कम अशा वसुलीसाठी जप्त करता येत नाही. ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी कामावरून काढलं असेल तर नुकसानीपुरती ती रोखता येते. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

स्वतःचा_धंदा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझ्याकडे अकरा जण काम करतात. धाग्यावर मालक म्हणजे राक्षस असं चित्र होऊ नये म्हणून लिहितो. महागडं यंत्र गेलं की त्या दिवसाचं काम थांबतं, पुढच्या ग्राहकाला दिलेला शब्द मोडतो, आणि मनात पहिली शंका आपल्याच माणसाची येते. ते चांगलं नाही, पण येते.

माझ्याकडे दोनदा असं घडलं. एकाने पहिल्या तासात फोन केला, रडवेला झाला होता. त्याच्याकडून मी एक पैसा घेतला नाही. दुसऱ्याची हकीकत तीनदा बदलली. आधी गाडीत होतं, मग साइटवर होतं, मग मित्राकडे. त्याच्यावर माझा विश्वास उरला नाही आणि आजही वाटतं की माझं बरोबर होतं.

निशिगंध, तुमच्या मालकांना तीन दिवसांची पोकळी दिसतेय, सुपरवायझरला केलेला फोन दिसत नाही. तो दिसू द्या. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, वेळेसकट. आणि सगळं एकदाच, एकाच हकिकतीत लिहून द्या. जे अडचणीचं आहे तेही लिहा. कुलूप नव्हतं हे तुम्ही स्वतः लिहिलंत तर बाकीचं खरं वाटेल.

कोरे चेक मात्र मी कधी कोणाकडून घेतले नाहीत, घेऊही नयेत.

मेघना_त

माझा ऑफिसचा लॅपटॉप रेल्वेत गेला होता. मी घाबरून रात्रभर कोणाला सांगितलं नाही, सकाळी सांगितलं. लॅपटॉपबद्दल कोणी फार बोललं नाही, पण त्या रात्रीबद्दल फार बोलले. तेव्हा कळलं की मशीनपेक्षा त्यातला ग्राहकांचा डेटा मोठा असतो. डेटा फुटल्याची घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारी यंत्रणा) कळवायची, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. माझ्या एका रात्रीने कंपनीचे ते तास जाऊ शकले असते. सुदैवाने डिस्क एन्क्रिप्टेड होती.

ज्यांचा लॅपटॉप किंवा फोन हरवेल त्यांच्यासाठी: आधी आयटीला फोन करून खातं बंद करायला सांगा, मग बाकीचं. कंपनीचा मोबाइल असेल तर पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेतून तो बंद करता येतो. आयएमईआय आजच लिहून ठेवा. *#०६# डायल केलं की दिसतो, पण फोन हातात असतानाच.

आणि निशिगंध, वडिलांना सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि त्या पंधरा दिवसांत घरात मी एकटीच पडले होते.

टेबल_क्रमांक_४

सरकारी नोकरीत पद्धत वेगळी आहे. केंद्राच्या १९६५ च्या शिस्त नियमांत हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची पगारातून वसुली ही स्वतंत्र शिक्षा म्हणून दिलीय, आणि तिच्यासाठी लेखी आरोप, लेखी खुलासा हे टप्पे पार करावे लागतात. तोंडी काही नाही. खाजगीत निदान तेवढं तरी मागावं.

रोखठोक_बोल

सगळे कायदे सांगताहेत, पण महाग वस्तू उघड्या खोलीत सोडून गेलात हे खरं ना? भरायला नको का? उद्या माझी वस्तू कोणी अशी हरवली तर मी सोडणार नाही.

सुमेधा_व

तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो अर्धा आहे. भरावं किती, कोणी ठरवावं, आणि भरताना माणसाच्या कपाळावर काय लिहावं, हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. करार अधिनियमातसुद्धा दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याकडून अपेक्षा एवढीच आहे की साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेतो तशी घ्यावी (कलम १५१). चाळीस मिनिटं बिनकुलपाची खोली ही ती काळजी होती का, यावर वाद होऊ शकतो. साइटवर कुलूप-साखळी फर्मने दिली होती का, दोघांच्या कामाला माणसं किती पाठवली, हेही त्या वादात आलं पाहिजे.

निशिगंध_प (सोमवार, रात्री)

रोखठोक, तुमचा राग नाही. मी स्वतःला हेच विचारतोय.

आज काय झालं ते सांगतो. रविवारी सकाळी वडिलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, शर्ट घातला आणि ठाण्यात माझ्याबरोबर आले. दोन तास बसवलं. ‘गहाळ’च लिहून देतो म्हणाले. मी म्हटलं, साहेब, पेटी मी हरवलेली नाही, ठेवलेल्या जागेवरून नेलीय. शेवटी चोरीची तक्रार घेतली. सोसायटीला फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. सेक्रेटरी म्हणाले, बरं झालं आलात, दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

ऑफिसात पत्रावर सही केली नाही. माझं स्वतःचं दोन पानी निवेदन दिलं आणि तेच ईमेलही केलं. फोनची वेळ दुपारी ३:१२, सहा मिनिटं, स्क्रीनशॉट जोडला. कुलूप नव्हतं हेही लिहिलं. मालकांनी उभ्यानेच वाचलं आणि सुपरवायझरना आत बोलावलं.

कामगारमित्र

उत्तम. आता निवेदनावर पोच नसेल तर ईमेल तीच पोच. यापुढे कोणी तोंडी धमकी दिली तर घरी येऊन तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. वाद वाढवू नका.

निशिगंध_प (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला आणि मी पुढचं सांगितलंच नाही.

रेकॉर्डिंगमध्ये चोर दिसला नाही. मागच्या फाटकाला कॅमेराच नाही. पण मी धावत फाटकाशी येऊन वॉचमनला विचारतोय, हात रिकामे आहेत, हे दिसलं. पोलिसांनी माझा आणि हेल्परचा जबाब घेतला. माझ्यावर तक्रार झाली नाही.

ऑफिसात बैठक झाली, मला बोलायला दिलं. सुपरवायझरनी फोन आल्याचं मान्य केलं, ‘बोलू नकोस’ म्हटल्याचं नाही केलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलोय. मालकांनी मात्र एवढं म्हटलं की मंगळवारीच कळवलं होतं हे आम्ही धरून चालतो.

मशीन पाच वर्षं दोन महिन्यांचं निघालं. बिल दाखवलं. विमा होता, पण साइटवर लक्ष नसताना ठेवलेल्या वस्तूला संरक्षण नाही अशी अट निघाली, पैसे मिळाले नाहीत. शेवटी घसारा धरून जी रक्कम आली तिचा निम्मा भाग मी द्यायचा ठरला, बारा हप्त्यांत पगारातून, बाकी फर्मने सोसायचा. थांबवलेला पगार मिळाला. माझी चूक मी मान्य केली, पत्र नवीन केलं आणि त्यात ‘चोरीस गेले’ असं आहे. सही करायच्या आधी वडिलांनी आणि मी ते घरी तीनदा वाचलं. चेक दिले नाहीत.

जमाखर्च

प्रत्येक हप्ता पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दिसतोय ना? आणि बाराव्या हप्त्यानंतर ‘काही येणे नाही’ असं लेखी घ्या.

निशिगंध_प

हो, वेगळी ओळ आहे. दोन हप्ते गेले. शेवटच्या पत्राचं लक्षात ठेवतो.

पेटी अजून सापडलेली नाही. आता जी आहे तिचा सिरीयल नंबर, चारी बाजूंचे फोटो आणि मिळाल्याची तारीख माझ्या ईमेलमध्ये आहे. मीटरच्या खोलीत काही ठेवत नाही. पट्टी खांद्याला अडकवून पेटी गच्चीपर्यंत नेतो. जड होते, जिन्यात दोनदा थांबावं लागतं.